विहिरीतून निघालेलं कासव: परत विहिरीत सोडावं की नदीत?

पऱ्याकाठचा
नमस्कार मंडळी. मी एरवी वाचनमात्र असतो, पण आज अडलंय म्हणून धागा काढतोय.

चिपळूणपासून अर्ध्या-पाऊण तासावर आमची वाडी. पावसाआधी घरची विहीर उपसतो. यंदा पाणी फारच खाली गेलं, म्हणून तळाचा गाळही काढायला घेतला. एका घमेल्यातून दगड म्हणून वर आलेली वस्तू ओतल्यावर चालायला लागली! वीतभर कासव. पाठ गुळगुळीत, चिखली हिरवट, कवचाला ते चौकोनी-षटकोनी तुकडे असतात तसलं काही नाही. मान सोडली की बघत राहावं इतकी लांब. नाक पुढे निमुळतं. सगळ्यात नवल म्हणजे खालच्या बाजूला मागच्या पायांपाशी कातडीच्या दोन झडपा आहेत. पाय आत घेतले की झडपा बंद. रागीट आहे, गड्याचं बोट थोडक्यात वाचलं.

आता घरात तट पडलेत. आई म्हणते, परत विहिरीत सोडा, ते पाणी राखतं. काका म्हणतात, देवळाच्या तळीत सोडा, पुण्य लागेल. मुंबईचा चुलतभाऊ म्हणतो, वाशिष्ठीत सोडू आणि त्याचा व्हिडिओ काढू. तूर्त घंगाळात ओल्या गोणपाटाखाली ठेवलंय.

तर: हे कुठलं कासव? पाणी खरंच साफ करतं का? आणि सोडायचं कुठे? भर उन्हाळ्यात चिखलात गाडलेलं असून ते जिवंत कसं, हेही कुणी सांगितलंत तर बरं.

सोलकढी
पहिली मी! भावाला सांगा, कासव व्हिडिओत सुद्धा सावकाशच चालतं, रील दीड मिनिटात बसायची नाही.

कोकणकन्या
वेळासला कळवा ना. तिथे कासव महोत्सव असतो, ती मंडळी घेऊन जातील आणि समुद्रात सोडतील.

निळा खंड्या
कोकणकन्या, कृपा करून नको! वेळासला येतात ती ऑलिव्ह रिडले, समुद्री कासवं. त्यांच्या पायांची वल्ही झालेली असतात. हे गोड्या पाण्यातलं आहे, समुद्रात सोडलंत तर मरेल. दर पावसाळ्यात कुणीतरी भाबडेपणाने हा उद्योग करतं, म्हणून जरा जोरात लिहिलं. राग नसावा.

धागाकर्ते, वर्णन इतकं नेमकं केलंय की फोटोची गरजच नाही. मागच्या पायांवर झडपा म्हणजे इंडियन फ्लॅपशेल, शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. मऊ पाठीच्या कासवांच्या कुळातलं. या कुळात कवचावर शिंगासारख्या पदार्थाचे तुकडे नसतात, वरून कातडीच असते. गंगेच्या खोऱ्यातल्या फ्लॅपशेलच्या पाठीवर पिवळे ठिपके असतात. आपल्याकडची साधी, मातकट. आययूसीएन या जागतिक निसर्गरक्षण संघटनेच्या यादीत ते आता 'असुरक्षित' गटात आहे. लहानपणी शेताच्या खाचरात दिसायचं, आता दिसलं की फोन फिरतात, इतका फरक पडलाय.

जिवंत कसं? उन्हाळ्यात पाणी आटलं की ही जात स्वतःला चिखलात गाडून घेते आणि पाऊस पडेपर्यंत पडून राहते. हालचाल जवळजवळ बंद, खर्च कमी. शिवाय मऊ पाठीची कासवं पाण्याखाली असताना कातडीतून आणि घशाच्या आतल्या अस्तरातूनही प्राणवायू घेऊ शकतात. तुम्ही त्याची झोपमोड केलीत, म्हणून ते बोट मागत होतं.

घंगाळात पाणी फार ठेवू नका. नाक वर काढता येईल इतकंच. आणि खायला काही घालू नका, एक-दोन दिवस उपाशी राहिलं तर काही बिघडत नाही.

तिरफळ
आमच्या परसातल्या बावडीत असा एक. आजोबांनी सोडलेला. पाणी सवच्छ ठेवता म्हणतत. काढूक गेलंय तर म्हातारी माकाच घराभायर काढीत.

सातबारा
कायद्याची बाजू सांगतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२. फ्लॅपशेल पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघ-बिबट्याच्या पंगतीत. पकडणं, बाळगणं, विकणं, सगळं गुन्हा. शिक्षा ३ ते ७ वर्षांची आहे. 'आम्ही पाळलं नाही, विहिरीत सोडलं' हा बचाव ऐकायला बरा वाटतो, पण त्यावर विसंबू नये. गाळ काढताना आपसूक हाती आलं तर कुणी तुम्हाला आत टाकणार नाही, मात्र लगेच कळवलेलं बरं. वन विभागाचा टोल फ्री नंबर १९२६. वनरक्षक येतो, नोंद करतो, विषय संपला.

भावाच्या व्हिडिओबद्दल: तो नंतर पुरावा म्हणून वापरता येतो, एवढंच सुचवतो. हलके घ्या.

धोंडोपंत
महादेवाच्या देवळात नंदीच्या पुढ्यात दगडी कासव असतं, त्याला हात लावून मग गाभाऱ्यात जायचं, ही आपली रीत. दगडाच्याला नमस्कार आणि जिवंताचं कालवण, हेही आपणच करतो. आमच्या लहानपणी पहिल्या पावसात रात्री वलगणीला, म्हणजे चढणीचे मासे धरायला जायचे, बत्ती आणि कोयता घेऊन. मासे चढायचे तशी कासवंही पाण्याबाहेर निघायची. ती कुणी सोडत नसे. आमच्या घरात शिजायचं नाही, पण वास शेजारून यायचा. मूळव्याधीवर औषध म्हणून रक्तसुद्धा पीत असत लोक.

सोलकढी
पंत, तो वास कसा होता ते नाही विचारत.

निळा खंड्या
पंतांनी मोलाचं सांगितलं. पहिल्या पावसाच्या त्या चार-आठ रात्री या जातीला सगळ्यात महाग पडतात. गाडलेली कासवं एकदम बाहेर येतात, खाचराकडे, वहाळाकडे निघतात. वाटेत आता डांबरी रस्ते आहेत. मुंबई-गोवा महामार्ग चौपदरी झाल्यावर तर मधला दुभाजक ओलांडणं या प्राण्याच्या आवाक्यातलंच नाही. पावसाच्या सुरुवातीला सकाळी लवकर गाडी काढणाऱ्यांनी बघितलं असेल.

औषधाचं म्हणाल तर ना मूळव्याध बरी होते, ना दमा. मांसासाठी, रक्तासाठी आणि पाठीच्या कडेच्या सुकवलेल्या कूर्चेसाठी मऊ पाठीची कासवं देशभर मारली गेली. उत्तरेकडून ती पोत्यांत भरून बंगालमार्गे सीमेपार जायची, अजूनही धाडी पडतात.

कुळीथपिठी
पण पाणी साफ करतं की नाही? मूळ प्रश्न राहिला.

डॉ. खेकडा
अर्धं खरं. फ्लॅपशेल सगळं खातं: गोगलगायी, बेडूक, बेडकाची पिल्लं, मासे, मेलेलं काहीही, वर पाणवनस्पती. विहिरीत पडून मेलेला बेडूक ते संपवतं, म्हणून वास येत नाही आणि आजोबा खूश. नदीत तर हेच त्याचं काम. पण जे खातं ते बाहेरही टाकतं, आणि कुठे टाकतं ते सांगायला नको. पिण्याच्या विहिरीत कासव असेल तर पाणी उकळून प्या.

डासांसाठी हवं असेल तर आरोग्य खातं गप्पी मासे देतं. तेही परदेशी पाहुणे, विहिरीबाहेर जाऊ देऊ नयेत. पण तो वेगळा धागा.

पऱ्याकाठचा
सगळ्यांचे आभार. १९२६ ला फोन लावतो. आईला डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणाली, "इतकी वर्षं प्यायलो ते काय होतं मग?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण एक कळलं नाही. विहिरीत ते सुखरूप होतं, कुणी मारत नव्हतं, खायला मिळत होतं. मग तिथेच का ठेवू नये? बाहेर तर वलगण, रस्ता, बिबट्या, मगर, सगळंच आहे.

निळा खंड्या
हाच खरा प्रश्न आहे, आणि माझं मत ठाम आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

तुमची विहीर चिऱ्यांची असणार, भिंती उभ्या. त्या कासवाला तिथून चढून बाहेर येता येत नाही. उन्हात बसायला काठ नाही. मादी असेल तर अंडी घालायला माती नाही. ही कासवं काठावरच्या मऊ जमिनीत खड्डा करून अंडी घालतात, गोल, कडक कवचाची, एका वेळी दोनपासून बारा-चौदापर्यंत. पिल्लं बाहेर यायला कित्येकदा नऊ-दहा महिने लागतात, कारण आतल्या गर्भाची वाढ मध्येच थांबून राहते आणि योग्य ऋतू आला की पुढे सरकते. एवढं सगळं जुळून यावं लागतं. विहिरीतलं कासव वीस-तीस वर्षं जगेलही, पण त्याच्यामागे एकही पिल्लू राहणार नाही. ओढ्याच्या हिशेबात ते ज्या दिवशी विहिरीत पडलं त्याच दिवशी मेलं.

आता कोकणात अशा विहिरी किती आणि त्यांत सोडलेली कासवं किती, याचा विचार करा. कासव उशिरा वयात येतं, पिल्लं थोडी जगतात, आणि सगळी भिस्त मोठ्या माद्यांनी वर्षानुवर्षं अंडी घालत राहण्यावर असते. आपण नेमक्या त्याच उचलून आडात टाकतो, वरून प्रेमाने पोळी टाकतो.

मगर-बिबट्यांचं म्हणाल तर त्यांच्याबरोबर ती लाखो वर्षं राहिली आहेत. वाशिष्ठीत, जगबुडीत, महाडच्या सावित्रीत मगरी आहेत आणि कासवंही आहेत.

पुणेरी पाटी
खंड्या, उत्तम. एक दुरुस्ती नव्हे, पुरवणी. मऊ पाठीच्या कासवांत खरा राजा वेगळा: लीथचं कासव, निल्सोनिया लिथाय. पाठ दोन फुटांपर्यंत, डोक्यावर गडद रेषा, पिल्लांच्या पाठीवर डोळ्यांसारखे गोल ठिपके. जगात फक्त भारतात, तेही दख्खनच्या पठारावरच्या नद्यांमध्ये: कृष्णा, गोदावरी, कावेरीच्या खोऱ्यांत. १८७२ साली ग्रेने त्याचं वर्णन केलं, आणि ज्या नमुन्यावरून केलं तो पुण्याचा होता! मुंबई इलाख्यातले डॉक्टर लीथ यांचं नाव त्याला दिलं. आज ते आययूसीएनच्या 'अतिसंकटग्रस्त' यादीत आहे. २०२२ मध्ये पनामाला साइटिसची, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची परिषद झाली, तिथे भारताच्या प्रस्तावावरून ते पहिल्या परिशिष्टात गेलं, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापार बंद.

तेव्हा मूळ पुण्याचं, दुर्मीळ आणि फारसं कुणात न मिसळणारं. अधिक लिहीत नाही.

सोलकढी
दुपारी एक ते चार चिखलात झोपत असेल!

निळा खंड्या
पाटीशेठ, पुरवणी मान्य. धागाकर्त्यांचं मात्र ते नाही, झडपा आहेत ना.

कोकणकन्या
माझ्या भाच्याकडे काचेच्या पेटीत एक छोटं कासव आहे, कानाशी लाल पट्टा. आता बशीएवढं झालंय, पाणी घाण करतं. धागाकर्त्यांच्या कासवाबरोबर तेही नदीत सोडून दिलं तर? त्याला सोबत होईल.

डॉ. खेकडा
नाही, नाही आणि नाही. ते रेड-इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. दुकानदार रुपयाएवढं पिल्लू देतो आणि 'एवढंच राहतं' म्हणून सांगतो. मग ते वाढतं आणि लोक तळ्यात सोडतात. तिथे ते आपल्या कासवांचं खाणं खातं, उन्हात बसायची जागा बळकावतं, रोगही देतं. भाच्याला म्हणावं, हौस केलीस, आता निस्तर. नाहीतर एखाद्या प्राणी-बचाव केंद्राला विचारा. आणि पेटीला हात लावला की साबणाने धुवा, साल्मोनेला असू शकतो.

आजीचा बटवा
घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते म्हणतात ना?

डॉ. खेकडा
दुकानदाराची टिकते.

सातबारा
लक्ष्मीचा विषय निघालाच आहे तर सावधान करतो. 'वीस नखी कासव' ऐकलंय का? पैशांचा पाऊस पाडतो म्हणून भोंदू लोक वीस नखांचं कासव मागतात, लाखांचे सौदे होतात. पोलीस अधूनमधून पकडतात, तेव्हा वन्यजीव कायद्याबरोबर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही लागतो. आमच्याकडे एका ओळखीच्या माणसाने यात जमिनीचे आलेले पैसे घालवले. कासव आलंच नाही, पाऊस तर नाहीच.

निळा खंड्या
आणि येणारही नाही. मऊ पाठीच्या सगळ्या कासवांना प्रत्येक पायाला तीनच नख्या असतात, एकूण बारा. कोकणात सापडणारं दुसरं, काळ्या पाठीचं, ज्याच्या कवचावर तीन उभ्या धारा असतात, त्याला पुढे पाच-पाच आणि मागे चार-चार, म्हणजे अठरा. चांदणी कासवाचंही तेच. वीस भरणारं शोधत बसतात, आणि त्या शोधात पन्नास साधी कासवं पकडली जाऊन कुठेतरी पिंपात मरतात.

तिरफळ
बारा रे बारा! आत्ताच बॅटरी घेवन बगून इलंय.

वाशिष्ठी_काठ
उशिरा आलो. कासवांबद्दल प्रेम आहे, पण या धाग्यावर मला दुसरं बोलायचंय. मागे कुठेतरी वाचलं की वाशिष्ठीतला गाळ काढला म्हणून कासवांचं नुकसान झालं. २२ जुलै २०२१ ला मी चिपळुणात होतो. दुकान पूर्ण पाण्याखाली, आम्ही माडीवर, आणि माडीच्या पायऱ्यांवर पाणी. वडिलांना रात्रभर गच्चीवर प्लास्टिकखाली बसवलं होतं. त्यानंतर आम्ही गाळ काढा म्हणून उपोषणं केली, तेव्हा कुठे यंत्रं आली. आता कुणी कासवांसाठी गाळ ठेवा म्हणालं तर मी त्याला पुढच्या पुरात माडीवर बोलावीन.

पुणेरी पाटी
कुणीही तसं म्हटलेलं नाही. धागा वाचून प्रतिसाद द्यावा.

वाशिष्ठी_काठ
पुण्यात बसून गाळावर बोलणं सोपं असतं. आणि तुमच्या नदीला पूर आला की बातम्या दिल्लीपर्यंत जातात.

संपादक
कृपया वैयक्तिक शेरे नकोत. धाग्याचं काश्मीर करू नये.

निळा खंड्या
वाशिष्ठी_काठ, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. मी गाळ काढण्याच्या विरुद्ध नाही. गावात पाणी शिरत असेल तर पात्र मोकळं केलंच पाहिजे. माझं म्हणणं कसं काढावा एवढ्यापुरतं आहे. यंत्रवाल्याला घनमीटरवर पैसे मिळतात, मग तो काठ, बेट, डोह सगळं एका पातळीत खरवडतो. शहराजवळचा टप्पा मोकळा करा, पण जिथे वस्ती नाही तिथले काठ उभे का कापायचे? एका वर्षी एक काठ, दुसऱ्या वर्षी दुसरा, असं केलं तर अंडी घालायला जागा उरते. उपसलेल्या ढिगावर दिवसाअखेर एक माणूस फिरवला तरी गाडलेली कासवं परत पाण्यात जातील. तुमच्याकडे यंत्रांवर माणसं कामाला होती, त्यांना कासवं सापडली होती का?

वाशिष्ठी_काठ
सापडायची. ड्रायव्हर लोक दाखवायचे. एक मोठं होतं, पाठीला बकेटचा दात लागलेला, जखमेतून हवेचे बुडबुडे येत होते. आमच्या मेडिकलवाल्याने बीटाडीन लावलं. पुढे काय झालं माहीत नाही.

तुमचं ढिगावर माणूस फिरवायचं पटलं. त्याला खर्च काही नाही. पुढच्या वेळी बैठक झाली की मी मांडतो. काठांचं मात्र तुम्ही लेखी द्या, मी नुसता दुकानदार.

आणि अजून एक. आमची नदी उन्हाळ्यातही वाहते, कारण कोयनेचं पाणी पोफळीच्या वीजघरातून खाली येतं. वीज जास्त काढली की पाणी चढतं, बंद केली की उतरतं. काठावर घातलेली अंडी यात बुडत नसतील का?

निळा खंड्या
ज्या दिवशी घातली त्या दिवशीची पातळी आणि नंतरची पातळी यात फरक पडला तर बुडणारच. धरणांखालच्या नद्यांत हा त्रास जगभर आहे. नेमका मुद्दा काढलात, नुसते दुकानदार कसले!

घाटमाथा
अवांतर: तापमान वाढलं की सगळ्या माद्याच जन्मतात ना? मग अंडी कशाला, प्रजा आपोआप वाढेल.

डॉ. खेकडा
ते समुद्री कासवांचं. रिडलेच्या घरट्यात वाळू जास्त तापली की माद्या जास्त. मऊ पाठीच्या कुळात नर-मादी गुणसूत्रांवर ठरतं, तापमानाशी संबंध नाही. आणि सगळ्या माद्याच झाल्या तर पुढे काय, हे तुमचं तुम्हीच बघा.

कुळीथपिठी
वेळासचं उदाहरण आधी उडवून लावलंत, पण ते इथे लागू होत नाही का? तिथे २००२ पासून चिपळूणच्याच सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने काम सुरू केलं, गावाने घरटी राखली, पुढे पर्यटक येऊ लागले, लोकांना चार पैसे मिळाले. अंडी चोरणारं गाव अंडी राखणारं झालं. नदीच्या कासवाला का नाही?

निळा खंड्या
लागू आहे, पण अवघड आहे. रिडले ठरावीक महिन्यांत ठरावीक किनाऱ्यावर येते, वाळूत माग सोडते. अंडी एका ठिकाणी हलवता येतात, पिल्लं निघायचा दिवस अंदाजे सांगता येतो, पर्यटकाला बोलावता येतं. फ्लॅपशेल एकेकटं, कुणाच्या तरी मळ्याच्या बांधावर अंडी घालतं आणि नऊ-दहा महिन्यांनी पिल्लं निघतात. कोण थांबणार? तिकीट कसलं लावणार?

तरी एक उदाहरण आहे. केरळात कासरगोडजवळ चंद्रगिरी नदीवर कँटरचं महाकाय मऊ पाठीचं कासव राहतं. तिथे संशोधकांनी मच्छीमारांना, काठावरच्या बायाबापड्यांना हाताशी धरलं. दिसलं की फोन करायचा, जाळ्यात आलं की सोडायचं. त्या फोनांवरून विणीचा पुरावा मिळाला, अंडी वाचवून पिल्लं नदीत सोडली गेली. कॅमेरा नाही, महोत्सव नाही, नुसती माहितीची साखळी.

धोंडोपंत
आपल्याकडे याहून जुनी सोय आहे. महाडजवळ बिरवाडीच्या पुढे काळ नदीवर वाळणकोंड. वरदायिनी देवीचा डोह. तिथले महाशीर मासे हातभर लांब, पायाशी येतात, पण आजवर कुणी गळ टाकला नाही. देवीचे मासे आहेत. खाली-वर नदीचं काहीही होवो, तेवढा डोह राहिला. गावोगाव असे राखलेले कोंड होते. जिलेटीन आणि ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारायला लागले तेव्हा देवाचा धाक गेला. आमच्या गावच्या डोहात एकदा पावडर टाकली होती. सकाळी पाणी पांढरट, मासे पोट वर करून, आणि झिंगे दगडांवर चढून बसलेले.

निळा खंड्या
पंत, वाचनखूण साठवली. पावडर टाकली की पाण्याखाली कातडीतून श्वास घेणारा प्राणी आधी तडफडतो. मासे दिसतात, कासवं तळाशी जातात.

वाशिष्ठी_काठ
पावडर टाकणारे कोण, हे प्रत्येक वाडीला माहीत असतं. नाव कुणी घेत नाही. उद्या लग्नाला त्यांच्याच घरी जेवायला जायचं असतं.

तिरफळ
+१. आमच्याकडे तर टाकणारो गाववाल्यांचो पुढारीच.

पऱ्याकाठचा
मंडळी, ताजी बातमी. काल फोन केला, संध्याकाळी वनरक्षक आले, तरुण पोरगा आहे. कासव उलटसुलट करून बघितलं, कुठे जखम नाही ना ते तपासलं, नोंद केली. म्हणाले, वाशिष्ठीत नको, लांब आहे आणि ते तिथलं नाही. आमच्याच विहिरीच्या वरच्या अंगाला जो पऱ्या (ओढा) आहे, त्यात एक बारमाही कोंड आहे, काठाला करंजाची झाडं, बाजूला पडीक मळा. अंधार पडता पडता तिथे सोडलं. आधी झडपा बंद करून बसून राहिलं. मग मान काढली, चिखलात तिरकं शिरलं आणि मागच्या पायांनी वर चिखल ओढून घेतला. दोन मिनिटांत कुठे होतं ते सांगता येईना. व्हिडिओ काढला, पण जागा ओळखू येईल असं काही टाकायचं नाही, असं ठरलंय. भाऊ नाराज आहे.

वलगणीचं वाडीच्या बैठकीत बोललो. मासे मारू नका म्हणालो असतो तर मलाच मारलं असतं. कासव मिळालं तर सोडा, एवढंच म्हटलं. दोघे हसले, एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "हल्ली मिळतात कुठे?"

सोलकढी
आणि आई?

पऱ्याकाठचा
आईने गप्पी मासे आणायला सांगितलंय. वर म्हणाली, त्या खंड्याला विचार, कठड्याला बारीक जाळी लावली तर बेडूक पडायचे थांबतील का.

निळा खंड्या
थांबतील. कठड्याच्या खालच्या भोकांनाही लावा, कासवाचं पिल्लू तिथूनच आत येतं. आईंना नमस्कार.

कैरीचं पन्हं
धागा आज वाचला. आमच्या मावशीच्या विहिरीत काळ्या पाठीची दोन आहेत, पाठीवर तीन धारा, खंड्या म्हणाले तशी. बरीच वर्षं आहेत. पावसाच्या तोंडावर काढावीत की थांबावं? विहीर खोल आहे, उतरायला पायठण्या नाहीत.

निळा खंड्या
स्वतः उतरू नका. आज एक जाड फळी दोरीने बांधून पाण्यावर सोडून ठेवा, त्यांना बसायला होईल आणि किती आहेत तेही नीट दिसेल. मग १९२६. सांगताना विहिरीची खोली आणि पाणी किती आहे ते आधी सांगा, म्हणजे ते शिडी आणि झोळी घेऊनच येतील. पहिल्या पावसानंतर चार-आठ दिवसांनी काढलेली चांगली, तोवर वहाळाला पाणी आलेलं असेल.